चढावर तापणारं चाळीस फुटी घर: डिझेल मोटरहोमची देखभाल आणि डोकेदुखी

वाळवंटीवारा | १४ मे २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाड्यांवर इथे धागे ढिगाने आहेत, पण मोटरहोमवर एकही सापडला नाही, म्हणून नवीन उघडतोय. अमेरिकेत आपल्यातले बरेच जण निवृत्तीनंतर या नादाला लागलेत हे ऐकून माहीत आहे. तेव्हा लाजू नका, या.

आम्ही दोघं नेवाडात, हेंडरसनला राहतो. गेल्या ऑक्टोबरात २००६ सालची, ४० फुटी, वापरलेली डिझेल पुशर घेतली. पुशर म्हणजे इंजिन मागे, थेट आमच्या पलंगाखाली. कमिन्सचं ८.९ लिटरचं आयएसएल इंजिन, ४०० हॉर्सपॉवर, अ‍ॅलिसनचा ६ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, फ्रेटलायनरची चासी. रेडिएटरही मागेच. ६८,००० मैल झालेत.

आता दुखणं. गेल्या महिन्यात लॉस एंजेलिसहून परत येत होतो, मागे छोटी गाडी टो केलेली. आय-१५ महामार्गावर बेकर गाव लागतं, तिथे जगातला सर्वांत उंच थर्मामीटर उभा आहे, १३४ फुटी. तो ९८ अंश फॅरनहाइट दाखवत होता. बेकर समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे, आणि तिथून जो चढ सुरू होतो तो थेट ४,००० फुटांच्या आसपास हॅलोरन समिटलाच दम घेऊ देतो. एरवी इंजिनच्या तापमानाचा काटा १९० वर खिळलेला असतो. चढावर तो २०५ झाला, मग २१५, आणि २२२ ला बझर वाजला. कडेला घेतली, अर्धा तास बसून राहिलो. बायको म्हणाली, "या घराला घाट चढायचा नव्हता तर चाकं कशाला लावलीत?"

गावातल्या एका गॅरेजने थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला, १,९०० डॉलर घेतले. पुन्हा चढावर नेली, पुन्हा तेच. आता म्हणतात रेडिएटर नवा घाला, ७,००० लागतील. जूनअखेर सॅन होजेला बीएमएमच्या (बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या) अधिवेशनाला हीच घेऊन जायचं ठरलंय. काय करू?


टेक्सासतात्या | १४ मे, रात्री १०:१५

रेडिएटरच्या पैशाला अजून हात लावू नका. आधी दोन गोष्टी सांगा. चढावर कुठल्या गिअरमध्ये होतात आणि इंजिनचे फेरे किती होते? आणि हे २२२ तुम्ही डॅशबोर्डच्या काट्यावर वाचलंत की इंजिनच्या कॉम्प्युटरमधून?

डॅशबोर्डचा काटा कधीकधी १० अंश इकडेतिकडे सांगतो. स्कॅनगेजसारखं एक छोटं यंत्र निदानाच्या सॉकेटला लावून ठेवा, आकडा खरा कळतो.


वाळवंटीवारा | १४ मे, रात्री १०:३२

फेरे १,४०० च्या आसपास. गिअर गाडीनेच निवडलेला, बहुतेक पाचवा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. काटा डॅशबोर्डचा.


टेक्सासतात्या | १४ मे, रात्री १०:५०

इथेच निम्मी मेख आहे. ऑटोमॅटिकला वाटतं आपण डिझेल वाचवतोय. कमी फेऱ्यांवर इंजिनला रडवत चढवलं की पंखा हळू, वॉटर पंपही हळू, आणि उष्णता मात्र पूर्ण. गिअर सिलेक्टरवरचं खालच्या बाणाचं बटण दाबून गिअर पाडा, फेरे २,००० च्या जवळ आणा आणि पाय थोडा सैल सोडा. ४० च्या वेगाने चढाल, ट्रकवाल्यांच्या रांगेत उजवीकडे. मोड बटणावर इकॉनॉमी चालू असेल तर घाटात ती बंद.

पण एवढ्यानेच २२२ होत नाही. ४०० हॉर्सपॉवरची गाडी बेकरचा चढ १००-१०५ अंशांत २०५-२०८ वर काढते. अजून काहीतरी आहे.


कोल्हापुरी_लवंगी | १५ मे, सकाळी ७:०५

फॅन क्लच गेला असेल. माझ्या पिकअपचा गेला होता, सेम लक्षणं.


वाळवंटीवारा | १५ मे, सकाळी ८:२०

क्लच नाहीये हो. पंखा इंजिनलाच जोडलाय, इंजिन फिरलं की तो फिरतो.


दापोडीकर | १५ मे, सकाळी ११:४५

मी मोटरहोमवाला नाही. एस.टी. महामंडळाच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत ३१ वर्षं काढली, आता डलासला लेकीकडे असतो. जावयाच्या शेजाऱ्याकडे अशीच एक बस आहे, तिच्याखाली मी दोन वर्षं लोळतोय. त्यामुळे थोडं बोलतो.

वारासाहेब, तुम्ही रेडिएटर मागून बघितला असेल. बंपरवरची जाळी उघडून बॅटरी मारली, स्वच्छ दिसला, बरोबर? तुमच्या गॅरेजवाल्यानेही तेच केलं असणार. पण हवा कुठून कुठे जाते ते बघा. पंखा इंजिनच्या बाजूला. तो हवा मागे ढकलतो. हवा आधी टर्बोच्या हवेचा कूलर ओलांडते, मग रेडिएटर, मग बाहेर. म्हणजे घाण बसणार ती कूलरच्या इंजिनकडच्या तोंडावर. मागून पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

आता त्यात तेल कुठून येतं? इंजिनच्या क्रँककेसचा श्वास बाहेर सोडणारी एक नळी असते. इकडचे लोक तिला स्लॉबर ट्यूब म्हणतात, म्हणजे लाळ गळणारी नळी. तिच्यातून तेलाची वाफ थोडीथोडी बाहेर पडते. बऱ्याच मागच्या रेडिएटरच्या गाड्यांत तिचं तोंड पंख्याच्या पुढेच संपतं. पंखा ती वाफ उचलतो आणि कूलरच्या जाळीवर मारतो. वर रस्त्याची धूळ. नेवाडाची धूळ म्हणजे विचारूच नका. वर्षागणिक थर चढतो आणि जाळीचा नमदा होतो.

पलंग उचला, खालचं झाकण काढा, बॅटरी मारा. फोटो टाका. मग बोलू.


वाळवंटीवारा | १८ मे, दुपारी ३:१०

दापोडीकर काका, तुमच्या पायाचा फोटो पाठवा, मी फ्रेम करतो.

पलंगाची गादी काढून गॅसच्या दांड्यांवर फळी उचलली. त्याखाली झाकण, १४ स्क्रू, दोन गंजलेले. इंजिनावर पोटावर झोपलो, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाइल, कारण पंख्याच्या आच्छादनामागे डोकं जात नाही. मोबाइल आत सरकवून आंधळेपणाने आठ-दहा फोटो काढले. पहिल्या फोटोत मला जाळी दिसलीच नाही, काळा लोकरीचा पडदा वाटला. मग लक्षात आलं की तीच जाळी. खालचा एक-तृतीयांश भाग पूर्ण बंद. बोटाने खरवडला तर नखाखाली काळं लोणी आलं, त्यात वाळवंटातलं बी, एक गांधीलमाशी आणि कुत्र्याचे केस. आमच्याकडे कुत्रा नाही. म्हणजे मागच्या मालकाचा.

नळीचं तोंडही सापडलं. पंख्यापासून जेमतेम वीतभर.


टेक्सासतात्या | १८ मे, दुपारी ३:४०

हे घ्या. ७,००० डॉलर वाचले.


रेवा_मिशिगन | १८ मे, संध्याकाळी ५:०२

कुत्र्याचे केस 😂. आता धुणार कसं? प्रेशर वॉशर आणू नका म्हणजे मिळवली.


दापोडीकर | १८ मे, रात्री ८:३०

ताई बरोबर बोलल्या. प्रेशर वॉशरने दोन गोष्टी होतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्यासारख्या पात्या आडव्या पडतात, आणि घाण बाहेर यायच्या ऐवजी कूलर आणि रेडिएटरच्या सांदीत जाऊन घट्ट बसते. मग मात्र खरंच रेडिएटर काढावा लागतो.

कृती अशी. इंजिन पूर्ण थंड, शक्यतो सकाळी. अ‍ॅल्युमिनियमला चालणारं ग्रीस काढायचं औषध घ्या. घरगुती ओव्हन क्लीनर किंवा कॉस्टिक सोड्याचं काहीही नको, अ‍ॅल्युमिनियम खातं ते. बागेत फवारायचा हातपंप असतो ना, त्यात औषध भरा आणि इंजिनच्या बाजूने, वरून, जाळी भिजेपर्यंत फवारा. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, पण वाळू देऊ नका. मग बागेच्या साध्या पाइपने मागच्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे हवेच्या उलट दिशेने. घाण जिकडून आली तिकडेच परत जाते. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांवर आधी प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. खाली ताडपत्री घाला, तेलकट पाणी गटारात सोडलंत तर इकडे दंड होतो.

एकदा करून थांबू नका. पाणी स्वच्छ येईपर्यंत करा. शेजाऱ्याच्या गाडीला पाच वेळा लागलं. तिसऱ्यांदा त्याचा धीर सुटला होता, म्हणाला झालं की. चौथ्यांदा पुन्हा काळं आलं.

आणि नळी. तिला रबरी पाइप जोडून रेडिएटरच्या मागे, खालच्या बाजूला नेऊन सोडा. उतार सलग ठेवा, मध्ये पोट येऊ देऊ नका, नाहीतर थंडीत तिथे पाणी गोठून नळी बुजते आणि इंजिनची सीलं फुटतात. नळी बुजवायची नाही, बाटली लावून बंद करायची नाही. श्वास मोकळा हवाच.


वाळवंटीवारा | १९ मे, सकाळी ६:५०

एक शंका. गॅरेजने थर्मोस्टॅट बदलताना हिरवं कूलंट भरलंय. आधी कुठलं होतं मला माहीत नाही. चालेल?


दापोडीकर | १९ मे, सकाळी ९:१५

रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. मुद्दा असा की तुमच्या ८.९ लिटरच्या इंजिनात ओले लायनर आहेत, लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी. लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागतं. स्फोट होतो तेव्हा लायनर घंटेसारखा थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि ते फुटताना लोखंडाला टोचतात. हजारो तासांनी त्याला सुईच्या टोकासारखी भोकं पडतात आणि कूलंट ऑइलमध्ये जातं. हे होऊ नये म्हणून जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये वेगळं रसायन टाकावं लागतं, आणि ते किती उरलंय हे पट्टीवर तपासतात, लघवी तपासतात तशी. वर्षातून दोनदा पट्टी बुडवा. कमी असेल तर घाला. उगाच जास्तही घालू नका, जास्तीचं साचून जेली होते. नव्या लांब मुदतीच्या कूलंटला हे रसायन लागत नाही, पण मग त्यात दुसरं काही मिसळायचं नाही.

तुमच्यात काय मिसळलंय ते कळत नसेल तर सगळं सोडून, साध्या पाण्याने फ्लश करून, एकाच जातीचं भरा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या.

६.७ लिटरच्या छोट्या आयएसबी इंजिनात असे ओले लायनर नसतात, त्यांना ही काळजी कमी.


पुणेरी_भटक्या | १९ मे, सकाळी ११:००

मध्येच घुसतोय. माझी २०१६ ची आहे. डॅशबोर्डवर डेफचा (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या द्रवाचा) दिवा लागला, डेफची टाकी पूर्ण भरलेली असताना "डेफ कमी आहे" म्हणतेय. मॅन्युअल म्हणतं दुर्लक्ष केलं तर वेग ५ मैलांवर येईल. फ्रीवेवर ५ मैल!


टेक्सासतात्या | १९ मे, दुपारी १२:२०

२०१० नंतरच्या इंजिनांचा हा शाप. टाकीतल्या डेफच्या हेडमध्ये पातळी, तापमान आणि दर्जा मोजणारे सेन्सर असतात, त्यांचंच इलेक्ट्रॉनिक्स मरतं. टाकी भरलेली असताना ती रिकामी म्हणत असेल तर ९० टक्के हेच. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईत हे हेड मिळेनासे झाले होते, लोक महिनोन् महिने गाड्या उभ्या करून बसले. आता मिळतात.

आधी मात्र स्वस्तातला उपाय. डेफ जुनं आहे का? ते ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी. उन्हात ठेवलं की वर्षभरात बिघडतं. वर्षात ३,००० मैल फिरणाऱ्या मोटरहोमच्या टाकीत ते दोन-दोन वर्षं पडून राहतं, तिथेच घोळ. टाकी पूर्ण भरून ठेवू नका, प्रवासाला निघताना ताजं घ्या. डेफच्या डब्यावरची तारीख बघा. उणे ११ सेल्सियसला ते गोठतं, पण त्याला घाबरू नका, हीटर असतो आणि वितळल्यावर ते पूर्ववत होतं. कनेक्टर काढून पांढरे स्फटिक साचलेत का बघा. साचले असतील तर कोमट पाण्याने पुसा, सुकवा, लावा. कोड मिटला तर देवाला नारळ फोडा. नाही मिटला तर हेड.


वाळवंटीवारा | १९ मे, दुपारी १२:४५

२००६ ची घेतल्याबद्दल आज पहिल्यांदा बरं वाटलं.


दापोडीकर | २० मे, सकाळी १०:३०

वारासाहेब गाडीखाली जाणार आहेत म्हणून आत्ताच लिहितो. हे सगळ्यांनी वाचा.

या गाड्या हवेच्या फुग्यांवर उभ्या असतात. फुग्यातली हवा गेली की गाडी काही इंच खाली बसते. टायर आणि सांगाडा यांमधली जागा त्या वेळी तुमच्या छातीपेक्षा कमी असते. एस.टी.त आम्हाला पिट असायचा, आम्ही उभ्याने काम करायचो. इथे लोक जमिनीवर पाठ टेकून आत सरकतात. त्यांच्या हायड्रॉलिक जॅकवर विश्वास ठेवून सरकू नका. जॅक ही गाडी लेव्हल करायची सोय आहे, माणसाला वाचवायची नाही. सांगाड्याखाली दोन्ही बाजूंना जाड स्टँड किंवा ओक लाकडाचे ठोकळे लावल्याशिवाय नट-बोल्टला हात लावायचा नाही. घरच्यांना सांगून खाली जा. लेव्हलिंगच्या बटणांपाशी चिठ्ठी लावा.

आता हवेच्या ब्रेकबद्दल. सकाळी निघताना पाच मिनिटं द्या. इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्या, १२० ते १३० पौंडांच्या (दर चौरस इंचाला) आसपास कंप्रेसर थांबतो आणि हवेतलं पाणी काढणारा ड्रायर फुस्स करतो. फुस्स झालं नाही तर ड्रायर किंवा कंप्रेसर चालू-बंद करणारा गव्हर्नर बघायला हवा. मग सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा. एका मिनिटात २ पौंडांहून जास्त उतरली तर गळती आहे. आता ब्रेक दाबून धरा, मिनिटाला ३ पर्यंत माफ. मग किल्ली चालू ठेवून ब्रेक मारमारून हवा कमी करा. ६० च्या आधी बझर वाजलाच पाहिजे. अजून कमी केली की २० ते ४५ च्या दरम्यान पार्किंग ब्रेकचं पिवळं बटण आपोआप बाहेर उडी मारतं. तसं झालं तर यंत्रणा ठीक. ट्रकवाल्यांना लायसन्सच्या परीक्षेत हेच करून दाखवावं लागतं, तुम्हाला बहुतेक राज्यांत साध्या लायसन्सवर ही १५ टनी गाडी देतात, म्हणून कोणी शिकवत नाही.

टाक्यांच्या खाली छोटी दोरी असते. महिन्यातून एकदा ओढा. नुसती हवा आली तर उत्तम. पाणी आलं, त्यातही दुधासारखं पांढुरकं तेलकट पाणी, तर ड्रायरचं काडतूस संपलंय. दोन-तीन वर्षांनी ते तसंही बदलावंच. गळती शोधायला साबणाचा फेस आणि रंगाचा ब्रश, दुसरं काही लागत नाही.


रेवा_मिशिगन | २० मे, संध्याकाळी ६:१५

काका, हे वेगळं जपून ठेवतेय.

टायरचंही कोणीतरी सांगायला हवं, म्हणून मीच. वारा, तुमच्या टायरची तारीख बघा. साइडवॉलवर DOT (डॉट) ही अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३४१७ म्हणजे २०१७ चा ३४ वा आठवडा. हा शिक्का अनेकदा आतल्या बाजूला असतो, म्हणजे खाली डोकं घालून. ट्रेड (टायरवरची नक्षी) नवाकोरा दिसतो, कारण गाडी उभीच असते. रबर मात्र उन्हात उभं राहून वाळतं. बहुतेक जण ६-७ वर्षांना बदलतात. पुढच्या टायरवर जुगार खेळू नका.

हवा किती, हे टायरवर छापलेल्या कमाल आकड्यावरून ठरवू नका. गाडी पूर्ण भरून, पाणी, डिझेल, धान्याची पोती (आपल्याकडे असतातच) घेऊन, ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करा. प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन मिळेल, मग टायर कंपनीच्या तक्त्यात बघा. थंड टायरला, सकाळी. दुपारी उन्हात वाढलेली हवा सोडायची नाही.

पुढचा टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय मारू नका. उलट क्षणभर अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी सरळ ठेवा, मग हळूहळू वेग उतरू द्या. ऐकायला उफराटं वाटतं. ब्रेक मारला की गाडी फुटलेल्या बाजूला ओढली जाते.


वाळवंटीवारा | २० मे, रात्री ९:००

१८१६. म्हणजे आठ वर्षं. पुढचे दोन आजच ऑर्डर केले. रेडिएटरचे वाचलेले पैसे गेले म्हणायचे.


माई_आणि_मोटरहोम | २१ मे, सकाळी ८:१०

आमच्याकडे १० किलोवॉटचा डिझेल जनरेटर आहे. परवा कॅम्पग्राउंडवर मोदक उकडायला ठेवले, आणि जनरेटर मध्येच बंद. ३६ चा कोड. हे म्हणाले जनरेटर गेला. गेला का हो?


टेक्सासतात्या | २१ मे, सकाळी ८:४०

माई, डिझेलचा काटा किती होता?


माई_आणि_मोटरहोम | २१ मे, सकाळी ८:५५

पावच्या थोडा खाली असेल.


टेक्सासतात्या | २१ मे, सकाळी ९:०५

मग गेला नाही, उपाशी आहे. जनरेटरची नळी मुख्य टाकीत मुद्दाम पाव टाकीच्या पातळीवर ठेवलेली असते, म्हणजे तुम्ही रात्रभर एसी चालवलात तरी इंजिनला पंपापर्यंत पोचण्याइतकं डिझेल उरतं. ३६ चा अर्थच असा की इंजिन थांबलं पण जनरेटरला कारण कळलं नाही. निम्म्या वेळा ते डिझेलच असतं, नाहीतर डिझेल फिल्टर. टाकी भरा, प्राइमिंगचं बटण मिनिटभर दाबून धरा, मग सुरू करा.

आणि महिन्यातून एकदा दोन तास, निम्म्या लोडवर चालवा. रिकामा चालवू नका, काजळी धरते. दोन्ही एसी लावा आणि खुशाल मोदक करा.


माई_आणि_मोटरहोम | २१ मे, दुपारी १:२०

भरलं आणि सुरू झाला! ह्यांना सांगितलं, ते म्हणाले "मी तेच म्हणत होतो." कुकरच्या शिट्ट्यांनी शेजारचे तीन वेळा विचारून गेले की तुमच्या गाडीतून वाफ सुटतेय का.


रेवा_मिशिगन | २१ मे, संध्याकाळी ७:३०

माई, कॅम्पग्राउंडच्या विजेबद्दलही सांगून ठेवते, कारण माझा धंदाच तो. ५० अँपियरच्या खांबावर दोन वेगळ्या १२० व्होल्टच्या तारा आणि एक न्यूट्रल असते. दोन तारांमध्ये २४०. एकूण १२,००० वॉट. ३० अँपियरच्या खांबावर मात्र ३,६०० च. तिथे दोन एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की खटका पडणारच, गाडीत बिघाड नाही.

खरा शत्रू तुटलेली न्यूट्रल. ५० च्या सॉकेटमध्ये न्यूट्रल सैल असली तर व्होल्टेज दोन्ही बाजूंना वाटेल तसं वाटलं जातं: एका बाजूला ६०, दुसऱ्या बाजूला १८०. टीव्ही, फ्रीजचा बोर्ड, चार्जर, सगळं एका मिनिटात जळतं. म्हणून केबल लावण्याआधी मल्टीमीटरने तीन मापं घ्या, आणि गाडीला व्होल्टेज बघून स्वतःहून कापणारा संरक्षक लावा. नुसता सर्ज प्रोटेक्टर पुरत नाही, तो वीज पडली तर उपयोगी. सॉकेट काळवंडलेलं, वितळलेलं दिसलं तर ऑफिसात जाऊन दुसरी जागा मागा. लाज कसली.


कोल्हापुरी_लवंगी | २२ मे, सकाळी ७:४५

फॅन क्लच नव्हता तर. 😐


वाळवंटीवारा | २६ मे, संध्याकाळी ५:३०

धुतलं. सहा वेळा.

पहिल्या पाण्याचा रंग इंजिन ऑइलसारखा. दुसऱ्याला चहासारखा. चौथ्यांदा बायको म्हणाली आता बास. दापोडीकर काकांचं वाक्य वाचून दाखवलं, तर तिने हातपंप स्वतःकडे घेतला. पाचव्यात पुन्हा काळा ढेकूळ निघाला, कोपऱ्यातला. सहाव्याला स्वच्छ. संध्याकाळी पुन्हा मोबाइल आत घातला, या वेळी फोटोत जाळीच्या पात्या दिसल्या, आणि त्यांच्यातून पलीकडचा उजेड.

नळीला दोन फूट रबरी पाइप जोडून मागे, रेडिएटरच्या खाली सोडला. कूलंटची पट्टी बुडवली, रसायन जवळजवळ शून्य. सगळं सोडून, धुऊन, लांब मुदतीचं भरलं.

गॅरेजवाल्याला फोटो दाखवले. म्हणाला, "इथून कोण बघतं?"


दापोडीकर | २६ मे, रात्री ८:००

वहिनींना नमस्कार सांगा. हातपंपाचा फवारा त्यांच्याच हातात राहू द्या.

उतरताना एक. चढ नीट चढलात म्हणून उतार विसरू नका. माथ्यावर पोचण्याआधी वेग कमी, एक्झॉस्ट ब्रेक चालू, आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून ठेवू नका, दाबा, वेग पाच मैलांनी उतरवा, सोडा. सतत घासलेला ड्रम तापून मोठा होतो आणि शूज त्याला पोचत नाहीत. पेडल दाबतं, हवा आहे, पण गाडी थांबत नाही. खंबाटकी घाटात हे पाहिलेला माणूस आहे मी.


वाळवंटीवारा | २ जुलै, रात्री १०:२०

परत आलो. अधिवेशन छान झालं, त्याचा वेगळा धागा बायको लिहिणार आहे, मी त्यात पडत नाही.

जाताना तेहाचापीचा चढ १९८ वर काढला. येताना परीक्षा बेकरची होती. दुपारी चारला पोचलो, थर्मामीटरवर ११३. बायको म्हणाली संध्याकाळपर्यंत थांबू. मीही मनातून तयार होतो. पण गाडी काय म्हणते ते बघायचं होतं. टो केलेली गाडी सोडली, ती बायकोने चालवली, मी घर घेतलं. चौथा गिअर, फेरे २,०५०, वेग ४२, उजवी लेन. स्कॅनगेज समोर चिकटवलेलं. १९२. १९७. २०१. पहिल्या चार मैलांत २०५ झाला तेव्हा हात ओले झाले. मग २०६. मग तिथेच. शेवटचे आठ मैल २०६ आणि २०७ च्या मध्ये. हॅलोरन समिटला आल्यावर दोन मिनिटांत १९३.

बायको वर पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभी होती. म्हणाली, "चाकं लावल्याचं सार्थक झालं."

आता नवीन प्रश्न. समिटला उतरून मागे बघितलं तर नव्या रबरी पाइपच्या तोंडातून तेलाचे थेंब उडत होते. छोटी गाडी टो केलेली असती तर ते तिच्या काचेवर आले असते, टो केलेली नव्हती म्हणून वाचलो. पुढच्या वेळी टो करणार आहे. काय करू?


दापोडीकर | ३ जुलै, सकाळी ७:१०

पाइपचं तोंड जमिनीकडे वळवा आणि मागच्या चिखलझडपेच्या पुढे, आतल्या बाजूला आणा. थोडे थेंब तरी येतीलच. गाडी बेज रंगाची असेल तर दिसणार नाहीत.


वाळवंटीवारा | ३ जुलै, सकाळी ७:२५

पांढरी आहे.